नावेची निगा

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या तामसीसारख्या गावातील शाळेच्या वार्षिकात नौकेच्या अंगाच्या निगेविषयी लेख यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी जहाज पाहिले ते भूगोलाच्या पुस्तकातील चित्रात. तथापि नाव ही वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा आपल्या आदिलाबाद जिल्ह्याची आणि महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते, आणि वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या सोबतीने बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण अलीकडे राहिलो. लेकी-सुना, मामा-मावश्या, शेतीभाती नदीच्या दोन्ही काठांवर. ज्यांच्या सोयरिकी नदीपलीकडे आहेत, त्यांनी नावेची चौकशी करणे म्हणजे उगाच चांभारचौकशी करणे नव्हे.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. जुन्या नावेची गेलेली रया परत आणणे म्हणजे तिला नवा रंग फासणे नव्हे, आणि जोरजोराने घासणे तर मुळीच नव्हे. जे अंग तिला आहे ते नीट ओळखावे, त्यातले कमीत कमी खरवडावे आणि जास्तीत जास्त राखावे. या कामाला नवी नाव बांधण्याइतकीच बुद्धी लागते. आपल्याकडे मात्र बांधणाऱ्याला शाल आणि श्रीफळ मिळते, निगा राखणाऱ्याला रोजची मजुरीही वेळेवर मिळत नाही. ही आमची तक्रार आहे, आणि ती केवळ नावेपुरती नाही. पण नावेच्या बाबतीत ती जितकी उघड दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही, म्हणून नावेविषयीच बोलू.

नावेचे बाहेरील अंग कशासाठी असते? शोभेसाठी, असे आपण सहज म्हणू. वस्तुतः शोभा हा त्याचा सर्वांत शेवटचा धर्म होय. एका बाजूने पाणी, दुसऱ्या बाजूने ऊन, मध्ये वारा आणि खारट तुषार, अशा चौफेर माऱ्यात आतील लाकूड, पोलाद अथवा काचतंतू यांना जिवंत ठेवणे हे त्याचे खरे काम. गोव्यातील एका नौकाबांधणी कारखान्यात तयार झालेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या आपल्या नौदलाच्या शिडाच्या नौका घ्या. दोन्ही नौकांचे अंग आत लाकूड आणि बाहेर काचतंतूंचे थर, असे. २००९–१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे हे ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पुढे २०१२–१३ मध्ये त्याच नौकेतून अभिलाष टॉमी हे कोठेही न थांबता फिरून आले. ‘तारिणी’ने १० सप्टेंबर २०१७ रोजी गोवा सोडले आणि लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा स्त्री अधिकाऱ्यांना घेऊन ती २१ मे २०१८ रोजी परतली. म्हणजे २५४ दिवस! त्याच ‘तारिणी’तून २०२४–२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच पुन्हा जगाला वळसा घालून आल्या. एकच नौका, दोन प्रदक्षिणा. मध्ये सहा-सात वर्षांचे अंतर. वर्तमानपत्रांत या वीरांगनांची छायाचित्रे आली आणि ती यावयासच हवीत. परंतु दोन प्रदक्षिणांच्या मधल्या वर्षांत त्या नौकेचे तळ खरवडणारे, तडे शोधणारे, थर देणारे जे हात होते, त्यांचे छायाचित्र आम्ही तरी कोठे पाहिले नाही. दक्षिण महासागरात पर्वतप्राय लाटा उसळतात, तेव्हा त्या दोघींच्या आणि मृत्यूच्या मध्ये काही अंगुळांचे ते अंगच काय ते होते.

आता ऊन आपले काम कसे करते ते पाहावे. कारण कडक उन्हाच्या बाबतीत आपला आदिलाबाद जिल्हा कोणास हार जाणारा नाही. साच्यात तयार केलेल्या फायबरच्या होडीवर सर्वांत बाहेर एक रंगीत, गुळगुळीत थर असतो. त्यास कारागीर जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे चार-पाच कागद एकावर एक ठेवावे तेवढी. सूर्याचे अतिनील किरण या थरातील राळेचे बंध हळूहळू तोडतात. आरशासारखा पृष्ठभाग प्रथम निस्तेज होतो, मग पांढुरका होतो आणि अखेर बोट फिरवले तर बोटाला खडूसारखी भुकटी लागते. छपरावर वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीवर किंवा ट्रॅक्टरच्या जुन्या बॉनेटवर हात फिरवून पाहा, याच जातीची भुकटी हाताला लागेल. हा मळ नव्हे. हे त्या वस्तूचेच मेलेले अंग आहे. मळ आणि मेलेले अंग यांतील हा भेद ज्यास कळला नाही, त्याने हातात घासणी घेऊच नये, असे आम्ही म्हणू.

कारण मळ धुऊन जातो, अंग गेले की गेले. म्हणून जाणता कारागीर सौम्य उपायापासून आरंभ करतो. आधी गोडे पाणी, तेही भरपूर. कारण वाळलेल्या मिठाचे कण अंगावर असताना फडके फिरवले, तर ते फडके वाळूच्या कागदासारखे ओरखडे पाडते. मग सौम्य साबण आणि मऊ फडके. मग नौका पूर्ण वाळू द्यावयाची आणि पुन्हा पाहावयाची. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते आणि हौशी मनुष्य निराश होतो, कारण त्याने बाजारातून आणलेल्या चार बाटल्या तशाच राहतात! पाण्याच्या रेषेशी पिवळट-तपकिरी पट्टा उरला असेल, किंवा खिळ्याखालून गंजाचा ओघळ आला असेल, तर ऑक्झॅलिक आम्लाचे पातळ पाणी लावतात. ते विषारी असल्याने हातमोजे हवेत आणि मुलांच्या हाती ते पडता कामा नये. मोटारीच्या गॅरेजमध्ये जे ‘रबिंग कंपाउंड’ मिळते, त्याचा क्रम याच्याही नंतरचा. त्यातही आधी बारीक दाण्याचे, आणि तेही तळहाताएवढ्या कोपऱ्यात लावून पाहावयाचे. तेवढ्याने भागले नाही तरच जाड दाण्याकडे वळावयाचे. मेलेला थर उतरून खालचे तेजस्वी अंग दिसू लागले की थांबावयाचे, आणि मग मेणाचा पातळ हात द्यावयाचा, म्हणजे पुढचे ऊन आधी मेणाला खाईल.

हा क्रम उलटा करणारे लोक आम्हांस सर्वत्र दिसतात. भुकटी न काढता वरून मेण चोपडले की आठ दिवस चकाकी राहते. त्यानंतर भुकटी आणि मेण यांचा मिळून जो लगदा होतो, तो काढता काढता नाकी नऊ येतात. दुसरे टोक म्हणजे वर्षातून तीनदा यंत्र फिरवून अंग आरशासारखे करणारा मनुष्य. अर्ध्या मिलिमीटरमधून प्रत्येक वेळी थोडे थोडे जाते. एके दिवशी जेलकोटाखालून काचेचे तंतू डोकावू लागतात, पाणी आत शिरते आणि मालकाच्या लक्षात येते की आपण नाव राखली नाही, घासून संपवली.

आमच्या आजीच्या पिढीला हे समजावून सांगावे लागले नसते. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कल्हई असे. चिंचेने बाहेरून तांबे उजळावे, पण आतल्या कल्हईवर वाळू घेऊन हात चालवू नये, हा घराघरातला दंडक होता. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक होते. आणि कल्हईवाला? तो भाता फुंकून भांडे तापवी, आधी ते स्वच्छ करी, नवसागर टाकी, धुराचा लोट उठे, आणि मग कथिलाचा कण कापसाने फिरवताच रुपेरी लाट भांड्याच्या पोटातून धावत जाई. नवसागराशिवाय कथील धरत नाही, आणि मळक्या अंगावर तर मुळीच नाही. नौकेच्या अंगाचे सारे शास्त्र या एका फुंकणीपाशी बसून शिकता आले असते. कल्हईवाले आता क्वचितच दारी येतात. त्यांच्यासोबत एक शाळाच उठून गेली, असे आम्हांस वाटते.

लाकडाच्या नावेकडे वळू, कारण लाकडावर आपला अधिकार मोठा. आदिलाबादची राने सागवानासाठी प्रसिद्ध आहेत. साग हे नौकाबांधणीतील राजेशाही लाकूड. त्यात स्वाभाविक तेल असते, त्यामुळे ते सहज कुजत नाही. शिवाय त्यात ठोकलेला लोखंडी खिळा टिकतो. इंग्रजांच्या ओक लाकडातील आम्ल मात्र लोखंडास खाते. याच गुणामुळे ब्रिटिश आरमाराने मुंबईस जहाजे बांधून घेतली. १७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने ती बांधली. त्यांपैकी एका जहाजाची कथा विद्यार्थ्यांस अवश्य सांगण्यासारखी आहे.

त्या जहाजाचे नाव ‘ट्रिंकोमाली’. त्याचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकेच्या युद्धनौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले, म्हणून नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. आरंभच असा अडखळत झाला. अखेर जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून ते उभे राहिले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. इंग्लंडला पोहोचेपर्यंत नेपोलियनची युद्धे संपून गेली होती. जहाजाला काम नव्हते. आपल्याकडे असते तर ते तसेच उघड्यावर सोडले गेले असते. त्यांनी त्यावर चक्क छप्पर घातले आणि १८४५ पर्यंत राखून ठेवले. पुढे त्याने पाण्यावर चाकरी केली. १८९७ साली ते मोडीत निघाले असताना एका गृहस्थाने विकत घेतले, त्याचे नाव बदलले आणि मुलांना नौकानयन शिकविण्यासाठी वापरले. ही शाळा १९८६ पर्यंत चालली. म्हणजे मुंबईच्या गोदीतील पारशी व मराठी हातांनी घडविलेल्या त्या तक्त्यांवर इंग्रज मुलांच्या कित्येक पिढ्या दोर ओढावयास शिकल्या. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे हार्टलपूल या गावी त्याचा जीर्णोद्धार झाला आणि मूळ नाव त्यास परत मिळाले. आजही ते तेथे पाण्यावर तरंगत आहे, आणि तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुने म्हणून त्याची गणना होते.

त्या जीर्णोद्धारात आम्हांस सर्वाधिक आवडते ती गोष्ट अशी की, जुने लाकूड जेवढे राखता येईल तेवढे राखावे, ही दृष्टी तेथे होती. दोनशे वर्षांचा सागवानी तक्ता वरून करडा, भेगाळलेला, मेल्यासारखा दिसतो. परंतु सागाचे करडेपण म्हणजे कुजणे नव्हे. उन्हाने लाकडातील तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य वरच्यावर फुटते, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे करड्या तंतूंची पातळ साय उरते. तिच्याखाली मधासारखे लाकूड शाबूत असते. ती साय घालविण्यासाठी तारेचा ब्रश आणि दाहक सोडा घेऊन जो बसतो, त्याच्या हातून वलयांमधले मऊ लाकूड निघून जाते आणि कठीण वलये बरगड्यांसारखी वर येतात. म्हणून सागवानी तक्तपोशी धुताना मऊ ब्रश रेषांच्या दिशेने न चालविता आडवा चालवावा, असे जाणकार सांगतात. कुजलेपणाची परीक्षा डोळ्याने होत नाही. ती अरीच्या टोकाने आणि कानाने होते. आठवडी बाजारात मडके वाजवून घेतात तसे लाकडी हातोडीने फळी वाजवावी. ठणठणीत आवाज आला तर फळी शहाणी, बद्द आवाज आला तर आत पाणी मुरले.

येथे कोणी विचारील की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एकदाच एखादा जालीम उपाय का करू नये? माणसाने तेही करून पाहिले आहे. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. त्यास किडा म्हणतात, पण तो खरा शिंपल्याच्या जातीचा. त्याच्यापासून बचाव म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ या ब्रिटिश नौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. किडा हरला, शेवाळ हरले. परंतु पुढे तपासणी केली तेव्हा खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी असलेले लोखंडी खिळे विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने खाऊन गेलेले आढळले. मौज अशी की, ज्या ठिकाणी पत्र्याला गुंडाळून आलेला साधा तपकिरी कागद चुकून राहून गेला होता, तेथील खिळे पुष्कळ चांगले निघाले! विसाव्या शतकात कथिलाच्या एका संयुगाचा विषारी रंग निघाला. तो जहाजांच्या तळाला लावला की काहीच चिकटत नसे. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात त्या विषाने कालवांची शेती नासली, म्हणून १९८२ साली त्या देशाने लहान नौकांवर त्यास बंदी घातली. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ च्या सप्टेंबरात तो अमलात आला. जालीम उपायाचा हिशेब दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर निघतो, तो असा.

आमच्या कोकणच्या बांधवांची रीत यापेक्षा मंद, पण आम्हांस ती शहाणपणाची वाटते. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि माशांचा विणीचा काळ असतो, म्हणून जून-जुलैत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवतात. मग तळाला चिकटलेले कवचाचे जीव खरवडणे, फळ्यांच्या फटींत कापूस दाबून वर राळ भरणे, लाकडाला माशाचे तेल पाजणे, रंगाचा हात देणे, अशी कामे निघतात. जुन्या काळी चुना आणि तेल यांचा लेपही तळाला देत. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून नाव पुन्हा पाण्यात जाते. निगा ही तेथे अडचण नाही, तो सणाचा पूर्वार्ध आहे. आपणही हे ओळखतो; फक्त नाव बदलते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतो, त्यानंतरच दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग आणि शिंगांना रंग. कोणी खांदा न मळता नुसती शिंगे रंगविली, तर गावातले म्हातारे त्यास काय म्हणतील, ते येथे छापण्याजोगे नाही.

परंतु सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. पहिली ‘विक्रांत’ ही आपली विमानवाहू नौका १९६१ साली नौदलात आली, १९७१ च्या युद्धात तिने पराक्रम केला आणि १९९७ च्या जानेवारीत ती निवृत्त झाली. मुंबईस संग्रहालय म्हणून तिला ठेवले. शाळांच्या सहली तिच्यावर जात. पण २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणावरून ती लोकांस बंद करावी लागली, आणि २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलीत गेला! एवढ्या मोठ्या पोलादी जहाजाची निगा हा फार खर्चाचा प्रश्न होता, हे आम्ही जाणतो. लाकडी ‘ट्रिंकोमाली’शी तिची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीसुद्धा मुंबईत बांधलेले सागवानी जहाज परक्या मुलखात दोनशे वर्षांनी तरंगत असावे, आणि आपल्याच मुंबईत उभी असलेली विजयी नौका निवृत्तीनंतर वीस वर्षेही टिकू नये, हे मनाला लागल्याशिवाय राहत नाही. २०२२ साली नवी ‘विक्रांत’ आली. तिचे स्वागत झाले, ते योग्यच झाले. आम्ही तिच्या चाळिसाव्या वर्षाची वाट पाहत आहोत.

अगदी अलीकडे एक आशादायक गोष्ट घडली आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांत एक शिडाचे जहाज आहे. त्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधले. त्यात लोखंडी खिळा नाही. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आणि फटी नारळाच्या काथ्याने व नैसर्गिक राळेने बुजविल्या. केरळचे बाबू शंकरन हे त्याचे प्रमुख कारागीर. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आले, आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. ज्या डोंगररांगेतून आपली पैनगंगा निघते, त्याच डोंगरांच्या भिंतीवरून हे जहाज उतरून आले, याचा आम्हांस उगीचच अभिमान वाटतो. पण खरी परीक्षा आता पुढे आहे. शिवलेल्या जहाजाचे टाके पुन्हा पुन्हा तपासावे लागतात, काथ्या बदलावा लागतो, अंगाला तेल पाजावे लागते. ते काम करणारे हात दहा वर्षांनी शिल्लक असतील का? बांधण्याची कला आपण परत मिळविली. राखण्याची कला शिकविणारी शाळा अजून निघावयाची आहे.

काही जण म्हणतील, हे सारे मोठ्या जहाजांचे आणि श्रीमंत देशांचे बोलणे झाले. नदीकाठच्या गरीब नावाड्याने काय करावे? त्याला रंगाचा एक डबा परवडतो, कारागीर परवडत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मात्र आम्ही सांगतो तो उपाय रंगाच्या डब्यापेक्षा महाग नाही. अरीचे टोक, लाकडी हातोडी, फडके आणि अर्धा दिवस, एवढेच त्यास लागते. उलट रंगाचा डबाच येथे घातक ठरतो. कुजलेल्या फळीवर निळा रंग चढला की ती फळी आणि शेजारची शाबूत फळी सारख्याच दिसतात. पावसाळ्यात नदी फुगलेली असते, नावेत बाया-बापड्या, शाळेची पोरे, एखादी शेळी. आणि सारे जण त्या ताज्या रंगाकडे पाहून निर्धास्त बसलेले! आमचे स्पष्ट मत आहे की, कोणत्याही नावेला रंग देण्यापूर्वी तिची फळी न् फळी टोचून आणि वाजवून पाहिली गेली पाहिजे, आणि ते रंगापूर्वी झाले की नाही हे विचारण्याचा अधिकार नावेत बसणाऱ्या प्रत्येकास आहे. नाव उन्हाने करडी दिसते म्हणून तिला नाके मुरडणाऱ्या उतारूने उलट तिचेच अभिनंदन करावे. निदान ती काही लपवीत तरी नाही.

आपल्या शाळेपुरती एक सूचना करून लेखणी ठेवतो. शाळांतून जुनी सागवानी बाके असतात. शाई, तेलकट हात आणि कर्कटकाचे टोक यांनी ती काळवंडलेली असतात. ती बदलण्याची किंवा त्यांवर चकचकीत रंग मारण्याची मागणी दरवर्षी होते. त्याऐवजी दिवाळीच्या सुटीनंतर प्रत्येक वर्गाने आपली बाके नावेप्रमाणे राखावीत. आधी कोरडी धूळ झटकावी, मग सौम्य साबणाचे ओले फडके पिळून फिरवावे, मग दोन दिवस सावलीत वाळू द्यावे. वाळूचा कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवावा आणि खरोखर कूस निघाली असेल तेथेच तळहाताएवढा तुकडा बाहेर काढावा. नंतर जवसाचे उकळलेले तेल, ज्यास रंगारी बेलतेल म्हणतात, अगदी थोडे घेऊन चोळावे आणि पाव तासाने वर राहिलेले सारे पुसून घ्यावे. पुसले नाही तर ते चिकट होऊन बसते आणि मग गणिताच्या तासाला उठताना विजारीची पंचाईत होते. एक खबरदारी मात्र शिक्षकांनी स्वतः घ्यावी. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते आणि ढिगात ती उष्णता कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या एकेक करून दोरीवर मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.